आमची वाटचाल: पंचवीस ओहम

आम्ही टाकलेल्या कॉम्प्युटर नेटवर्कच्या केबलला १९९४ साली ‘सडकी’ म्हटलं गेलं. ती सडकी नव्हती, आणि हे कुठेतरी नीट लिहून ठेवायचं होतं.

एका पतपेढीत आम्ही नॉव्हेल नेटवेअर ३.११ बसवलं होतं, म्हणजे फाइली आणि प्रिंटर सगळ्या मशीनांना वाटून देणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर. एक सर्व्हर, डॉसवर चालणारी अकरा मशीनं, आरजी-५८ कोॲक्स (मधे तार, भोवती जाळी अशी गोल केबल), प्रत्येक नेटवर्क कार्डामागे तीन तोंडांचा जोड म्हणजे टी, केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारी टोपणं. पुढे दुसऱ्या विक्रेत्यानं तिथे नेटवेअर ३.१२ चा सर्व्हर आणि चार नवी मशीनं दिली. नवी चालली. आमच्या अकरांवर मात्र ‘फाइल सर्व्हर सापडत नाही’. दोष केबलवर टाकला गेला आणि आमचं बिल सात महिने अडकलं. दुकानाचं भाडं थकलं, हाताखालची दोन चांगली मुलं सोडून गेली.

कोॲक्स तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. मधल्या एका कार्डावरून टी काढायचा, त्याची मधली पिन आणि बाहेरची कडा यांच्यात ओहम मोजायचे. ५० चे दोन टर्मिनेटर समांतर, म्हणजे पंचविसाच्या आसपास. ५० दिसले तर एका बाजूची तार तुटली आहे किंवा टर्मिनेटर गळाला आहे. शून्याजवळ आलं तर जाळीचा केस पिनेला टेकला आहे. टीव्हीची ७५ ओहमची केबल मात्र मीटर पकडत नाही, त्यासाठी सालीवरचा छाप वाचा. आणि केबलच्या टोकाचे कनेक्टर, म्हणजे बीएनसी, पिळून बसवायचे घेऊ नका, ते सैल होतात. ते दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल महाग वाटलं तरी घ्या.

पतपेढीत २६ आले. तो आकडा आम्ही कागदावर लिहून दिला. तरी सगळी केबल उपटून नवी टाकली, आणि अकरा मशीनं होती तशीच बंद.

खरा घोळ फ्रेमचा होता, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या पाकिटाच्या बांधणीचा. ३.११ मुळात ८०२.३ फ्रेम वापरतं, ३.१२ मुळात ८०२.२. तार एकच, पण एकाची पाकिटं दुसऱ्याला उलगडत नाहीत. जुन्या मशीनांवर नेटवेअरच्या डब्ल्यूएसजेननं बनवलेलं, सर्व्हरशी जोडणारं आयपीएक्स.कॉम होतं, त्याला ८०२.२ कळत नाही. सर्व्हरवर दोन ओळी पुरल्या: कार्डाचा ड्रायव्हर ८०२.३ फ्रेम आणि वेगळं नाव देऊन पुन्हा लोड करायचा, मग त्या नावाला आयपीएक्स, म्हणजे नेटवेअरची बोलण्याची भाषा, बाइंड करायचं, म्हणजे जोडायचं. इथला नेटवर्क नंबर पहिल्याहून वेगळाच हवा. दोन्ही ओळी सर्व्हर सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक.एनसीएफ फाइलीत घाला, नाहीतर वीज गेली की पुन्हा पहिले पाढे. कायमचा इलाज जुन्या मशीनांवर आयपीएक्स.कॉमऐवजी नॉव्हेलचे सुटे ओडीआय ड्रायव्हर चढवण्याचा: एलएसएल, कार्डाचा ड्रायव्हर, आयपीएक्सओडीआय, नेटएक्स, याच क्रमानं. उतरवताना उलटा. फ्रेम त्यांच्या नेट.सीएफजी फाइलीत लिहायची. एनई२००० नेटवर्क कार्ड मुळात आयआरक्यू ३ (प्रोसेसरला हाक मारायचा क्रमांक) वर येतं, तोच कॉम-२ या सीरियल पोर्टचा असतो. त्या पोर्टवर माउस असेल तर आधी कार्ड दुसऱ्या क्रमांकावर हलवा.

त्या सात महिन्यांत मार्केट यार्डातल्या एका भुसार आडत्यांनी आम्हाला तगवलं. त्यांना शेतकऱ्यांच्या पट्ट्या मराठीत, सर्व्हरच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर हव्या होत्या. देवनागरी तिथे चित्र म्हणून जाते. मशीनची छपाई सर्व्हरच्या प्रिंटरकडे वळवणाऱ्या कॅप्चर कमांडला ‘एनटी’ (टॅब नको) दिलं नाही, तर त्या चित्रातला ९ क्रमांकाचा प्रत्येक बाइट नेटवेअर टॅब समजतं, त्या जागी रिकाम्या जागा भरतं आणि ओळ विस्कटते. ‘एनएफएफ’नं मागचा कोरा कागद थांबतो. ‘टीआय’, म्हणजे छपाई संपली असं समजण्याआधी थांबायचा वेळ, फार कमी ठेवलं तर एका पट्टीच्या दोन होतात. हे सगळं जुळवायला आम्हाला तीन दिवस लागले, आणि शेठजींनी तिन्ही दिवसांचे पैसे न मागता दिले.

मशीनं एकमेकांना थेट फाइली देऊ शकतील असं विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११ आल्यावर लहान ऑफिसांना वेगळ्या सर्व्हरची गरज उरली नाही. नंतर विंडोज ९५ आलं, त्यात फ्रेम ‘ऑटो’ असते, म्हणजे मशीन ती आपणच ओळखतं. एकाच तारेवर दोन फ्रेम असतील तर ती हातानं ठरवा.

पतपेढीचं बिल अखेर मिळालं, नव्या केबलचे पैसे वजा करून. २६ ओहमचा तो कागद आमच्या फाइलीत आहे.