बेर्गामोला उतरून मिलान गाठताना

स्वस्त विमान तिकिटावर ‘मिलान बेर्गामो’ लिहिलेलं असतं, पण ओरियो अल सेरिओ विमानतळ मिलानपासून जवळजवळ 50 किलोमीटर लांब आहे. आगमन दालनाबाहेरच बसेस उभ्या असतात. कंपन्या दोन-तीन, बस थेट मिलानो चेंत्राले स्टेशनपर्यंत. रस्ता मोकळा असेल तर तासाभराचा प्रवास.

गफलत होते ती तिकिटात. एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या बसमध्ये चालत नाही, त्यामुळे ऑनलाइन काढलं असेल तर बसवरचं नाव आधी वाचा. दारात उभा माणूस ‘मिलानो, मिलानो’ ओरडतोय म्हणून चढू नका! तिकीट असलं तरी बस भरली की पुढची पकडावी लागते.

परतीची बस स्टेशनच्या पूर्वेला, पियाझ्झा लुइजी दी साव्होइयाच्या बाजूने सुटते. मेट्रोच्या हिरव्या किंवा पिवळ्या लाइनने चेंत्रालेला यायचं. कामाच्या दिवशी ए4 महामार्ग तुंबतो, म्हणून विमानाच्या तीन तास आधीची बस धरा. संप असेल तर बेर्गामोपर्यंत ट्रेन आणि पुढे शहर बस हा पर्यायही अडू शकतो; आदल्या रात्री ‘शोपेरो’ (sciopero, म्हणजे संप) शब्द शोधून बातम्या बघा.