व्हर्साय: राजाच्या जवळ जाण्याचा रस्ता

फ्रान्सच्या राजांचा व्हर्सायचा राजवाडा पाहायला पॅरिसहून जाण्यासाठी आरईआर या उपनगरी रेल्वेच्या ‘सी’ मार्गावरील गाडी सोयीची आहे. मात्र या मार्गावरच्या सगळ्याच गाड्या तिकडे जात नसल्याने फलाटावरील पाटीवर ‘व्हर्साय शातो रिव्ह गोश’ हे शेवटचे स्थानक पाहूनच चढावे. तिथून राजवाडा चालत दहा मिनिटांवर आहे. सोमवारी तो बंद असतो आणि मंगळवारी पॅरिसमधले लूव्र संग्रहालय बंद असल्यामुळे गर्दी इकडे वळते, म्हणून आम्ही गुरुवार निवडला. तिकिटावर प्रवेशाची वेळ ठरलेली असते. ते आधीच ऑनलाइन काढावे, आणि शक्य तर सकाळची पहिली वेळ घ्यावी.

सोन्याचा मुलामा आणि झुंबरे पाहायला मिळणार हे ठाऊकच असते. त्यापेक्षा अधिक लक्ष द्यावे ते कोणाला कुठवर येऊ द्यायचे, याच्या तिथल्या व्यवस्थेकडे. पॅरिसचे उच्च न्यायालय आणि सरदार यांच्या बंडाळीच्या काळात, 1649 च्या जानेवारीत, फ्रान्सचा दहा वर्षांचा राजा चौदावा लुई याला रातोरात पॅरिस सोडावे लागले होते. पुढे 1661 मध्ये कारभार स्वतःच्या हाती घेतल्यावर त्याने वडिलांच्या शिकारीच्या वाड्याचा विस्तार आरंभला आणि 1682 मध्ये दरबार व सरकार कायमचे इथे आणले. सरदारांना आपापल्या मुलखात बळ वाढवू देण्याऐवजी त्यांना डोळ्यांसमोर ठेवून मानापानात गुंतवायचे, हे धोरण इथल्या दगडविटांतही उतरले आहे. अगदी आतल्या चौकापर्यंत गाडी नेण्याचा मान मोजक्याच घराण्यांना होता. आज आपण तो चौक तिकीट दाखवून पायी ओलांडतो.

आत गेल्यावर लोंढा थेट आरसेमहालाकडे धावतो. तसे न करता आधीची दालने सावकाश पाहावीत. व्हीनस, मार्स, मर्क्युरी अशा ग्रहदेवतांची नावे असलेली ही दालने अपोलोच्या, म्हणजे सूर्यदेवाच्या, दालनापर्यंत पोचतात आणि स्वतःला सूर्यराजा म्हणवून घेणाऱ्या लुईचे चांदीचे सिंहासन तिथेच होते. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी 1689 मध्ये दरबारातले चांदीचे सामान वितळवण्यात आले, त्यामुळे ते आता दिसत नाही.

आरसेमहाल 73 मीटर लांब असून त्यात 357 आरसे आहेत. जवळ जाऊन पाहिल्यास प्रत्येक कमानीतला आरसा अनेक लहान तुकडे जोडून केल्याचे दिसते, कारण मोठी सलग काच त्या काळी बनवता येत नव्हती. आरशांच्या धंद्यातली व्हेनिसची मक्तेदारी मोडण्यासाठी फ्रान्सने स्वतःचा कारखाना काढला होता. परदेशी राजदूताला या महालातून चालवत नेणे म्हणजे त्या कारखान्याची जाहिरातही होती.

मला सर्वांत बोलके वाटले ते मात्र लागूनच असलेले शयनगृह. 1701 पासून ते राजवाड्याच्या मधोमध, उगवतीकडे तोंड करून आहे. पलंगासमोर सोनेरी कठडा आहे. राजाचे उठणे आणि झोपणे हे दररोजचे समारंभ होते. रात्री राजा कपडे उतरवत असताना मेणबत्ती धरायला कोणाला बोलावले, याची दरबारात चर्चा होई. इतक्या क्षुल्लक कामासाठी मोठमोठे उमराव ताटकळत उभे राहत, यातच त्या सत्तेचे खरे यश म्हणायला हवे. गर्दी पुढे ढकलत राहते, तरी कठड्याजवळ पाच मिनिटे थांबावेच.

बागेत मात्र या सत्तेची मर्यादा उघडी पडते. सीन नदीचे पाणी चढवण्यासाठी नदीकाठच्या मार्ली इथे 14 चाकांचे प्रचंड यंत्र बसवले, तरी सगळी कारंजी एकाच वेळी चालवण्याइतके पाणी कधीच मिळाले नाही. म्हणून राजा फिरायला निघाला की कर्मचारी शिट्टी वाजवून एकमेकांना इशारा देत आणि तो जिथे पोचेल तिथलेच कारंजे सुरू करत. राजाला मात्र जाईल तिथे पाणी उसळताना दिसे!

उन्हाळ्यात ठरावीक दिवशी कारंजी संगीतासह चालवली जातात. त्या दिवशी, तसेच बागेत नुसते संगीत लावतात त्या दिवशीही, बागेला तिकीट लागते, एरवी ती मोफत असते. त्याच आवारात दूरवर असलेले त्रियानोंचे छोटे महाल दुपारी बारालाच उघडतात, त्यामुळे सकाळी राजवाडा, मग बाग आणि शेवटी त्रियानों हा क्रम ठेवावा. अंतरे फार आहेत, तेव्हा चालण्याचे बूट घालावेत. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. डबा नेल्यास तो बागेत न उघडता मोठ्या कालव्याकाठच्या मोकळ्या उद्यानात बसून खावा.