रेंजवर कम्युनिकेशन एरर: बोर्ड मागवण्याआधी काय मोजायचं

रेंजच्या (ओव्हन जोडलेल्या शेगडीच्या) डिस्प्लेवर कम्युनिकेशन एररचा कोड येतो म्हणजे आतल्या एका बोर्डाने हाक मारली आणि दुसऱ्याकडून ओ आली नाही. दुसरा बोर्ड जळालाय, त्याच्यापर्यंत वीजच पोचत नाही, मधली तार तुटलीय, की भलत्याच बोर्डाने लाइन दाबून धरलीय, यातलं काहीही कोड सांगत नाही. तरी लोक कोड नेटवर शोधतात, पहिल्या व्हिडिओत जो बोर्ड बदललेला दिसतो तोच मागवतात आणि शेकडो डॉलर घालवून पुन्हा तोच कोड बघत बसतात.

पुढचं सगळं अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक रेंजबद्दल आहे: खाली ओव्हन, वर काचेची इंडक्शन शेगडी. तिच्यात साधारण तीन ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स असतं. टच पॅनेलमागचा डिस्प्ले बोर्ड, ओव्हनचे हीटर रिलेने चालू-बंद करणारा मुख्य बोर्ड, आणि काचेखाली कॉइलना वीज पुरवणारे एक-दोन पॉवर बोर्ड. त्यांच्यामध्ये मोजक्या तारांची बारीक केबल जाते. एक तार ५ किंवा १२ व्होल्ट डीसीची, एक ग्राउंडची, बाकीच्या डेटाच्या.

स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी कोड नेमका कधी येतो ते बघा. ब्रेकर लावल्या लावल्या येत असेल तर वीज, केबल किंवा पूर्ण गेलेला बोर्ड. ओव्हन तासभर तापल्यावर येऊन थंड झाल्यावर जात असेल तर सैल कनेक्टर, सोल्डरचा तडकलेला डाग किंवा बंद पडलेला कूलिंग फॅन. ठरावीक बर्नर लावल्यावरच येत असेल तर त्या बाजूचा पॉवर बोर्ड. सेल्फ-क्लीननंतर (ओव्हन प्रचंड तापवून आतली घाण जाळण्याच्या मोडनंतर) पहिल्यांदा आला असेल तर उष्णतेवर संशय घ्या, कारण त्या वेळी ओव्हन ९०० अंश फॅरनहाइटच्या जवळ जातो आणि बोर्ड त्याच डब्यात बसलेले असतात. (पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सेल्फ-क्लीन लावू नये, हे माझं जुनं मत.)

ब्रेकर पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा लावणं हे पहिलं काम, पण त्याने कोड गेला म्हणून रेंज दुरुस्त झाली असं धरू नका. मग टेक शीट शोधा. कंट्रोल पॅनेलमागे, मागच्या पत्र्याच्या आत किंवा खालच्या ड्रॉवरमागे घडी घालून ठेवलेला कागद असतो. वायरिंगचा नकाशा, कनेक्टरचे नंबर आणि कुठल्या पिनवर किती व्होल्ट हवेत हे त्यावर छापलेलं असतं. कोडचा अर्थही तिथूनच घ्या, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत तो वेगळा असू शकतो.

आता वीज. माझ्या मते निम्म्याहून जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. अमेरिकन रेंजला दोन फेज आणि एक न्यूट्रल येतो. दोन फेजमध्ये २४० व्होल्ट (तिन्ही फेजवर चालणाऱ्या काही अपार्टमेंट इमारतींत २०८), आणि प्रत्येक फेज ते न्यूट्रल १२०. बऱ्याच मॉडेलांत डिस्प्ले, ओव्हनचा दिवा आणि मुख्य बोर्ड एका फेजच्या १२० वर चालतात, तर इंडक्शनच्या पॉवर बोर्डांना दोन्ही फेज लागतात. त्यामुळे दुसरा फेज गेला तर घड्याळ नीट दिसतं, दिवा लागतो, आणि मुख्य बोर्ड तक्रार करतो की शेगडी उत्तर देत नाही. सगळी इलेक्ट्रॉनिक्स ठणठणीत आणि कोड मात्र कम्युनिकेशनचा. यामागे जोडब्रेकरचा (दोन्ही फेज एकत्र बंद करणाऱ्या ब्रेकरचा) एक भाग आतून गेलेला असतो किंवा मागच्या टर्मिनल ब्लॉकवरचा (घरची तार रेंजला जोडतात तिथला) स्क्रू सैल होऊन जळालेला असतो. ब्रेकर बंद करून मागचं खालचं झाकण काढा. प्लास्टिक तपकिरी झालंय का, तारेचं टोक काळं पडलंय का ते बघा. नुसता स्क्रू आवळून भागत नाही. जळालेला ब्लॉक बदला आणि तारेचं टोक ताज्या तांब्यापर्यंत कापून घ्या. मग वीज लावून मोजा, आणि एक-दोन बर्नर किंवा ओव्हन चालू असताना पुन्हा मोजा. लोड नसताना १२० दाखवणारा सैल जोड लोड आल्यावर कोसळतो.

चालू वीज मोजायची सवय नसेल तर इथे थांबून इलेक्ट्रिशियन बोलवा. मीटर कॅट ३ सुरक्षा दर्जाचा, ६०० व्होल्टचा हवा. पॉवर बोर्डावर २४० व्होल्ट एसीपासून साधारण ३४० व्होल्ट डीसी तयार होतो आणि ब्रेकर पाडल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो. किमान पाच मिनिटं थांबा, डीसी मोजून तो १० व्होल्टच्या खाली गेल्याची खात्री करा, मगच हात घाला.

टर्मिनल ब्लॉकवर २४० आहे पण पॉवर बोर्डाच्या इनपुटवर नाही, तर मधल्या फिल्टर बोर्डावरचा फ्यूज बघा. फ्यूज उडालेला सापडला की आनंदाने नवा लावू नका. तो बहुधा आयजीबीटी (कॉइलची वीज झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झाल्यामुळे उडालेला असतो आणि नवाही क्षणात जाईल. वीज बंद असताना आयजीबीटीच्या कलेक्टर आणि एमिटरमध्ये मोजा; दोन्ही बाजूंनी शून्याच्या आसपास ओहम आले तर तो गेलाच. सोबत एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर ब्रिजही तपासा. भारतातल्या एका प्लेटच्या इंडक्शनमध्येही फ्यूज, ब्रिज आणि आयजीबीटी हे त्रिकूट असंच एकत्र जातं.

वीज ठीक असेल तर केबल. दोन्ही टोकं काढून पिन ते पिन मोजा, १ ओहमच्या आत यायला हवं. शेजारच्या पिनांमध्ये आणि पिन ते चेसिस (रेंजचा पत्र्याचा सांगाडा) जोड अजिबात दिसता कामा नये. मोजताना केबल हलवा, वाकवा, विशेषतः पत्र्याच्या कडेवरून जाते तिथे. कनेक्टरमध्ये हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर ९० टक्क्यांवरचा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, मग पूर्ण वाळवणं. आपल्या स्वयंपाकघरात हा थर लवकर जमतो. कुकरची वाफ आणि फोडणीचं तेल पॅनेलच्या फटींतून आत जातं आणि थंड बोर्डावर बसतं. चिमणी नसेल किंवा लावायचा कंटाळा असेल तर आणखी लवकर.

केबलही चांगली निघाली तर वीज लावून, कनेक्टर जोडलेला असतानाच मागच्या बाजूने प्रोब घालून मोजा. ५ व्होल्टची तार ४.७५ ते ५.२५ मध्ये असावी. ती ४ वर घसरली असेल तर ज्या बोर्डाकडे जाते तो काढून पुन्हा मोजा. लगेच ५ वर आली तर काढलेला बोर्ड तिला खाली खेचत होता. नाही आली तर पुरवणारा बोर्ड कमजोर आहे. डेटाची तार बऱ्याच डिझाइनमध्ये रिकामी असताना वरच्या पातळीवर असते आणि बोलणं चालू असताना मीटरवरचा आकडा थोडा खाली येऊन हलत राहतो. आकडा ५ वर स्थिर असेल तर कुणीच बोलत नाही. शून्यावर स्थिर असेल तर कुणीतरी ती जमिनीला धरलीय. एकेक बोर्ड काढत जा, ज्याच्या निघण्याने लाइन वर येते तो दोषी. प्रत्येक वेळी बोर्ड काढताना ब्रेकर बंद, हे सांगायची गरज पडू नये.

उष्णतेने येणाऱ्या कोडमध्ये डीसी सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बघा. डोकं फुगलेलं असेल तर प्रश्नच नाही, पण न फुगताही ते आतून सुकतात. मीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून ५ व्होल्टच्या तारेवर लावा. आकडा १०० मिलिव्होल्टच्या पुढे गेला तर संशय पक्का. कमी आला म्हणून निर्दोष ठरत नाहीत, कारण साधं मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीचा रिपल (डीसीवरचा चढउतार) धड पकडत नाही. बदलताना १०५ अंश सेल्सियस दर्जाचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. रिले आणि मोठ्या कनेक्टरखालचे सोल्डरचे डाग भिंगातून बघा. पिनेभोवती बारीक वर्तुळ दिसलं की जुना डाग शोषून घ्या आणि नवा द्या.

इतकं करून बोर्डच गेलाय असं ठरलं तर पार्ट नंबर जुन्या बोर्डावरच्या स्टिकरवरून आणि मॉडेल नंबरवरून, दोन्हींनी जुळवा. काही बोर्ड कोरे येतात आणि त्यांना मॉडेलची माहिती भरावी लागते. ते न करता बसवले तर रेंज पुन्हा कम्युनिकेशनचाच किंवा कॉन्फिगरेशनचा कोड दाखवते आणि माणसाला वाटतं नवाच बोर्ड खराब आला. सूचना बोर्डाच्या खोक्यात असतात, खोकं रिसायकलमध्ये टाकण्याआधी बघा. बसवताना अंगावरची स्थिर वीज जावी म्हणून आधी चेसिसला हात लावा, बोर्ड कडांनी धरा, आणि पॅनेलची पट्टी केबल सॉकेटमध्ये सरळ बसवून लॉक दाबा. एका पिनेने तिरकी गेली तरी कोड तसाच राहतो.