सात खणांचा सोपा : वाड्याच्या वारसनोंदीचा माझा अनुभव

वडील गेल्यानंतर वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, आमची नावे लावून घ्यावीत, एवढेच काम घेऊन मी नगर भूमापन कार्यालयात गेलो. पण हाती आलेल्या उताऱ्यावर वडिलांचेच काय, आजोबांचेही नाव नव्हते. धारक म्हणून पणजोबांचे नाव होते आणि त्यापुढे तीन अक्षरे : ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पणजोबा एकटे मालक नव्हते, कुटुंबाच्या वतीने त्यांचे नाव लागले होते, असा त्याचा अर्थ. त्यामुळे भिंतीपलीकडे राहणारी त्यांच्या धाकट्या भावाची शाखा कागदोपत्री अजून आमच्याच घरात होती.

वाटणी केव्हाच झाली, असे घरात सगळे सांगत. वाटणीपत्र मात्र कोणाकडे नव्हते. सालही ठाऊक नसल्याने दुय्यम निबंधकांकडील सूची क्रमांक 2 चे, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या मिळकतवार सूचीचे, जुने खंड एकेक करून पाहावे लागले आणि तिसऱ्या खेपेला नोंद सापडली. माळ्यावरच्या ट्रंकेत मूळ खरेदीखत निघाले, तेही मोडीत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे मला एकही शब्द सुटा दिसेना. जाणकाराकडून ते देवनागरीत उतरवून घेतले.

त्यात घराचे वर्णन चतुःसीमांनी आणि खणांनी केलेले होते व सोपा, म्हणजे वाड्याची खांबांवरची ओसरी, सात खणांचा लिहिला होता. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. आमच्या सोप्यात मी लहानपणापासून पाचच खण पाहिलेले. एरवी सगळा वाडा घडीव दगडाच्या जोत्यावर, पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंतींचा. पाचव्या खणाशी आडवी आलेली भिंत मात्र वीतभर जाडीची, भाजक्या विटांची. तिच्यात सहावा सागवानी खांब अर्धा गाडला गेला आहे आणि त्याच्या बुडाचा दगड, तळखडा, अर्धाच बाहेर दिसतो. पलीकडच्या काकांना विचारले, तर उरलेला अर्धा त्यांच्या खोलीत, कपाटामागे होता. खांबांवरची आडवी तुळई भिंत ओलांडून सरळ पुढे गेलेली, आणि तिच्याखाली आणखी दोन खण. वाटणीपत्रातही तेच होते : थोरल्याकडे पाच खण, धाकट्याकडे दोन खण व परसातली विहीर. कागदावरची वाटणी आम्ही दोघांनी मिळून खांब मोजून पडताळली.

पुढचा अडथळा माझाच होता. आत्या सासरी गेल्या म्हणून त्यांची नावे मी वारसांच्या प्रतिज्ञापत्रात घातलीच नव्हती, आणि अर्ज परत आला. आजोबा 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वारले, तेव्हा मुलीही वारस होत्याच. हे मला आधीच कळायला हवे होते. दोन आत्या हयात नसल्याने त्यांच्या मुलांची कागदपत्रे गोळा करण्यातच सर्वांत जास्त वेळ गेला.

शेवटी मोजणी झाली. भूकरमापकांनी हद्दीची रेघ त्या भिंतीच्या मध्यातून ओढली. सहावा खांब निम्मा काकांकडे गेला, निम्मा आमच्याकडे राहिला.