ॲनालॉगचं पुस्तक घेताना आधी बायसिंगचा चॅप्टर उघडा

गणेश चवथीला गोव्यात, डिचोलीच्या घरी सगळे जमलो होतो. गणपतीवरची माटोळी बांधून झाली, चहा आला, आणि भाची हळूच शेजारी येऊन बसली. "मामा, या सेमला ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्स आहे. सिलॅबसच्या खाली पाच पुस्तकं दिलीयत, पाचही घ्यायची काय?" फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे ती. तिला म्हटलं एकच घे, पण कुठलं ते सांगायला मला जरा वेळ लागेल. तिथे आरतीची गडबड सुरू झाली आणि बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय, तिच्यासारख्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

एकच का, ते आधी सांगतो. ट्रान्झिस्टर एकच असतो पण प्रत्येक पुस्तक त्याच्याशी वेगळ्या भाषेत बोलतं, म्हणजे त्याचं मॉडेल आणि त्यातल्या आकड्यांची नावं वेगळी. मिलमन-हल्कियासचं इंटिग्रेटेड इलेक्ट्रॉनिक्स १९७२ चं, त्यात एच-पॅरामीटर, एचआयई, एचएफई. बॉयलस्टॅड उघडलात तर मुख्य भर आरई मॉडेलवर. सेड्रा-स्मिथमध्ये हायब्रिड-पाय, म्हणजे जीएम आणि आर-पाय. आता मुलं काय करतात, थिअरी एका पुस्तकातून वाचतात, गणितं दुसऱ्यातून सोडवतात, आणि नोट्स सीनियरच्या असतात ज्या तिसऱ्याच पुस्तकातून काढलेल्या, आणि मग वाटतं की विषयच कठीण आहे. खरं तर १ मिलीअँप करंटला आरई २६ ओहम, जीएम म्हणजे त्याचाच उलटा, साधारण ३८ मिलीअँप प्रति व्होल्ट, आणि बीटा (ट्रान्झिस्टर करंट किती पटीने वाढवतो तो आकडा) १०० धरला तर आर-पाय २.६ के (किलोओहम), आणि एचआयई म्हणजे जवळपास तोच २.६ के. सगळं एकच. पण हे एकच आहे हे कळायला आधी कुठल्यातरी एका भाषेत पक्कं व्हावं लागतं.

मग निवडायचं कसं? माझी एकच टेस्ट आहे. दुकानात किंवा लायब्ररीत पुस्तक हातात घ्या आणि थेट बायसिंगचा, म्हणजे ट्रान्झिस्टरला योग्य डीसी करंट-व्होल्टेजवर बसवण्याचा, चॅप्टर काढा. फिक्स्ड बायस सर्किट (सप्लायपासून बेसला एकच रेझिस्टर) का वापरत नाहीत, हे ते पुस्तक तुम्हाला पटवून देतं की फक्त सूत्र देऊन पुढे जातं, ते बघा. तिथेच पुस्तकाचा स्वभाव कळतो.

हे मी का म्हणतो, तर मी स्वतः तिथेच अडकलो होतो. सेकंड इयरला घरी ब्रेडबोर्डवर बीसी ५४७ हा साधा ट्रान्झिस्टर लावला, १२ व्होल्ट सप्लाय, कलेक्टरला ४.७ के, बेसला १.२ मेगओहमचा रेझिस्टर. बीटा १०० धरून हिशेब केला होता, कलेक्टरवर साडेसातच्या आसपास व्होल्ट यायला हवे होते. मल्टिमीटर लावला तर ०.१. ट्रान्झिस्टर उलटा लावला असेल म्हणून काढला, सपाट बाजू समोर धरून डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर परत मोजले, बरोबर होते. बाहेर धो धो पाऊस, मध्येच लाईट गेली, टॉर्च लावून परत बघितलं. सर्किटमध्ये काहीच चूक नव्हती. माझ्याकडचा ट्रान्झिस्टर बी ग्रुपचा होता, त्याचा बीटा डेटाशीटप्रमाणे २०० ते ४५० मध्ये कितीही असू शकतो, आणि ३०० धरला तरी ४.७ के वर १३ व्होल्ट पडायला पाहिजेत, सप्लायच १२ चा, म्हणजे तो सॅच्युरेट होणारच, पूर्ण चालू होऊन कलेक्टर शून्याजवळ अडकणार.

मग बेसला व्होल्टेज डिव्हायडर लावला, वर ४७ के, खाली १० के, एमिटरला १.५ के. कलेक्टरवर ७.६. ट्रान्झिस्टर बदलला, तरी जवळपास तेवढेच! करंट वाढायला गेला की एमिटर वर सरकतो, बेस आहे तिथेच असतो, म्हणजे बेस-एमिटरमधलं व्होल्टेज कमी होतं आणि करंट आपोआप मागे येतो. हे डोळ्यांनी बघितल्यावर निगेटिव्ह फीडबॅकचा चॅप्टर मला कधीच परका वाटला नाही.

तर आता नावं. ज्यांना सर्किट थिअरी कच्ची वाटते त्यांनी बॉयलस्टॅडपासून सुरुवात करावी, सोडवलेली उदाहरणं भरपूर आहेत आणि भाषा सोपी. ज्यांना पुढे चिप डिझाइनमध्ये जायचंय, गेट परीक्षा द्यायचीय, त्यांनी सेड्रा-स्मिथ किंवा रझावीचं फंडामेंटल्स ऑफ मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स. मला मनापासून आवडतो तो रझावी, कारण तो आधी प्रश्न उभा करतो, मग सर्किट तयार होताना दाखवतो, आणि त्याची लेक्चर्स यूट्यूबवर फुकट आहेत. सेड्रा-स्मिथची जुनी आवृत्ती मिळाली तरी बिनधास्त घ्या, फक्त एवढं बघा की जुन्यात बीजेटी, म्हणजे वर सांगितलेला ट्रान्झिस्टर, आधी येतो आणि नंतरच्यात मॉसफेट हा दुसरा प्रकार आधी, त्यामुळे सरांनी सांगितलेला चॅप्टर नंबर जुळणार नाही. हॉरोविट्झ-हिलचं आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स सुंदर आहे पण ते परीक्षेचं पुस्तक नाही, सर्किट बनवायला लागलात की घ्या.

ऑपॅम्पसाठी, म्हणजे ऑपरेशनल ॲम्प्लिफायरसाठी, गायकवाडांचं पुस्तक पुरे. सोबत ७४१ या ऑपॅम्पची डेटाशीट उघडी ठेवा. त्यात स्ल्यू रेट (आउटपुट किती वेगाने बदलू शकतं ते) ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद लिहिलेला असतो, आणि २० किलोहर्ट्झला १० व्होल्ट पीकची साइन वेव्ह हवी तर सव्वा व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद लागतो, म्हणून ऑसिलोस्कोपवर साइनच्या जागी त्रिकोण दिसतो. लॅबमध्ये हे एकदा मुद्दाम करून बघाच.

पैशाचं म्हणाल तर घाई करू नका. पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ पासूनची, तिथे किंवा कॉलेजच्या लायब्ररीत आठवडाभर बसून दोन-तीन पुस्तकांचे तेच तेच पान शेजारी ठेवून वाचा आणि मग विकत घ्या. आणि घेतलं की पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवू नका, माझ्या सेड्राला बुरशी आली होती, पानं एकमेकांना चिकटली.

भाची रविवारी घरी येतेय. दहा बीसी ५४७ काढून ठेवलेत, मल्टिमीटरला नवीन बॅटरी घातली. आधी प्रत्येकाचा बीटा मोजायला लावणार, मग १.२ मेगवाला सर्किट तिच्या हातून बांधून घेणार, आणि ०.१ का आला ते तिलाच शोधू देणार.