तुम्ही विचारलंत म्हणून: हलव्यात दूध का नाही घालत?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला आमच्या बिल्डिंगमध्ये गुलाबी हलव्याचे डबे फिरतात आणि दरवर्षी कोणीतरी नवीन राहायला आलेलं असतं, ते पहिला तुकडा तोंडात टाकतं आणि विचारतं, "छान झालाय हो, पण नारळाचं दूध काढत बसण्यापेक्षा सरळ म्हशीचं दूध का नाही घालत? पटकन होईल की." आता लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत ह्याचं उत्तर काय देणार, म्हणून मी "आमच्यात चालत नाही" एवढंच म्हणते आणि सुटते. ह्याचा परिणाम असा की एका वहिनींचा समज झाला आमच्यात दूधच चालत नाही, आणि त्यांनी मला जवळजवळ वर्षभर कोरा चहा पाजला. मीही प्याले, मला वाटलं त्यांच्याकडे तसाच करतात. तर आता एकदा नीटच सांगते.

मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. राहते ठाण्यात, मूळ अलिबागकडचे आम्ही. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमच्यातली गोष्ट. मग ती माणसं गावोगाव पसरली, तेलाचे घाणे चालवायला लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, चेऊलकर ही सगळी आमच्यातली आडनावं. घरात मराठीच. प्रार्थना हिब्रूत, भांडण मराठीत.

आता दूध. तोरामध्ये, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, तीन ठिकाणी सांगितलंय की करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवू नका. त्यावरून नियम असा पडला की मांस आणि दूध एका जेवणात नाही, एका भांड्यात नाही, आणि आमच्या घरी मटण खाल्लं की सहा तास दुधाचा चहासुद्धा नाही. सणाचं जेवण म्हटलं की मटण आलंच, त्यामुळे त्यानंतरच्या गोडात दूध नाही, खवा नाही, साजूक तूप पण नाही. म्हणजे पेढा, बर्फी, श्रीखंड, बासुंदी, तुपातला शिरा सगळं बाद, मिठाईचं अर्ध्याहून जास्त दुकान बंद झालं. उरलं काय तर परसातलं नारळाचं झाड. कोकणात राहून कोणाला नारळ सुचणार नाही! मटणाच्या रश्शात नारळ, हिरव्या मसाल्याच्या कोंबडीत नारळाचं दूध आणि शेवटी हलव्यात पण तेच. परदेशातून आलेले ज्यू पाहुणे कधी जेवायला येतात तर त्यांना हे सगळं ज्यू जेवण वाटतच नाही, ते मधाचा केक शोधत असतात.

हलवा चिकाचा. कुरडया करणाऱ्यांना चीक सांगायला नको. अर्धा किलो गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं (तिसऱ्या दिवशी घरभर जो आंबूस वास सुटतो त्याची तक्रार करणाऱ्याला हलवा मिळत नाही), मग वाटायचे, पंचातून गाळायचे आणि रात्रभर ठेवून द्यायचे. सकाळी वरचं पिवळट पाणी हलक्या हाताने ओतून टाकलं की तळाशी पांढराशुभ्र घट्ट चीक बसलेला असतो, बोट लावलं तर आधी दगडासारखा लागतो आणि मग बोट आपोआप आत जातं, लहानपणी मला हे करून बघायला फार आवडायचं आणि आजीचा फटका ठरलेला. चार नारळांचं दूध, साखर पाऊण किलोच्या आसपास, चिमूटभर मीठ, थोडा रंग. सगळं थंड असतानाच एकत्र करायचं आणि मग मंद आचेवर चढवायचं. आणि ढवळायचं. फोन घ्यायचा नाही, दार उघडायचं नाही, एका दिशेने ढवळत राहायचं. पहिला अर्धा तास काहीच होत नाही, मग अचानक तळाला गाठी धरायला लागतात, मग ते खळीसारखं होतं, मग पिठलं, मग हाताला जड लागायला लागतं आणि दोन-अडीच तासांनी नारळाचं तेल कडेने सुटायला लागतं आणि गोळा पातेलं सोडतो. तूप घातलेलं नसतं तरी चकाकतो तो ह्या तेलाने. वेलची-जायफळ, थाळ्यात ओतायचा, वरून बदाम-पिस्ते-चारोळी दाबायची, रात्रभर तसाच ठेवून सकाळी वड्या. आजकाल चीक न काढता कॉर्नफ्लोर किंवा चायना ग्रास घालून पाऊण तासात करतात, मी पण केलाय, दिसतो तसाच पण दाताखाली लवचिक लागत नाही, जेली खाल्ल्यासारखं वाटतं. ज्याला वेळ नाही त्याने जरूर करावा, फक्त मला देऊ नये.

तर एका वर्षी वरच्या मजल्यावरच्या काकू मदतीला आल्या होत्या. मला खरंच एक फोन घ्यावा लागला, पाच मिनिटं, त्या ढवळत होत्या. परत आले तर हलवा बघण्यासारखा झालेला, मऊ, दाट, आणि काकू खूश, "अगं फार घट्ट होत होता, फ्रीजमध्ये पिशवी दिसली, अर्धा लिटर घातलं." मी काही बोलले नाही. आईने स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं आणि ती मटकन स्टुलावर बसली. काकूंना सांगावं तर त्यांचा जीव थोडा होणार, न सांगावं तर दुसऱ्या दिवशी मटणावर हा हलवा वाढायचा कसा. शेवटी तो सगळाच्या सगळा बिल्डिंगमध्ये वाटला आणि आमच्या पानात त्या वर्षी खजूर आणि केळी. बिल्डिंगमधले लोक अजून म्हणतात की त्या साली तुमचा हलवा काय झाला होता! काकूंना मी दोन वर्षांनी सांगितलं. त्या रडल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, "मेले, तेव्हाच का नाही बोललीस."

हा हलवा ज्या सणाचा, तो आमचा नवीन वर्षाचा सण, रोश हशाना. पण आजी कधी रोश हशाना म्हणायची नाही, तिच्या तोंडी तो नव्याचा सण. कोकणातल्या जुन्या माणसांनी आमच्या सगळ्या सणांना मराठी नावं दिलेली, आणि मला ती हिब्रू नावांपेक्षा जास्त कळतात. नव्याचा सण, मग खिरीचा सण, त्यात नव्या धान्याची खीर, अर्थात नारळाच्या दुधातली, ऊद जाळायचा आणि शेमा ही प्रार्थना म्हणायची. मग दारफाळणीचा सण, म्हणजे योम किपुर, देवाची क्षमा मागायचा उपासाचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. आमच्यात सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनास्थळाला, पण मशीदच म्हणायची पद्धत होती, मुंबईतलं आमचं सगळ्यात जुनं, 1796 सालचं, ते मशीद बंदर स्टेशनच्या बाजूलाच आहे आणि स्टेशनचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं आमचे लोक छातीठोकपणे सांगतात.

नव्याच्या सणाच्या संध्याकाळी टेबलावर सफरचंद आणि मध, खजूर, डाळिंब, लाल भोपळा, चवळी, बीटचा पाला आणि माशाचं डोकं, प्रत्येकाची प्रार्थना वेगळी. डोकं ह्यासाठी की येत्या वर्षी आपण डोकं व्हावं, शेपूट नव्हे. मासा खवले आणि पर असलेलाच, त्यामुळे कोलंबी, खेकडे, तिसऱ्या, मोरी आम्हाला नाही. कोकणात जन्म घेऊन कोलंबी नाही, ह्याबद्दल मला लोकांची सहानुभूती मिळते ती योम किपुरच्या उपासाबद्दल पण मिळत नाही. वाइन पूर्वी मिळायची नाही म्हणून काळ्या मनुका भिजवून, उकळून, कुस्करून गाळायच्या आणि त्या शरबतावर किद्दुश, म्हणजे सणाची प्रार्थना, करायचा. आता वाइन मिळते तरी आमच्याकडे शरबतच असतं, कारण लहान मुलांना पण देता येतं आणि कारण आईला वाइन कडू लागते.

आमचं कॅलेंडर पण चंद्राचंच आणि अधिक महिना टाकून सूर्याशी जुळवून घेणारं, तुमच्या पंचांगासारखं. त्यामुळे 2025 साली गंमत झाली. 22 सप्टेंबरला सकाळी तुमची घटस्थापना आणि संध्याकाळी आमचं 5786 साल सुरू. मी दुसऱ्या दिवशी डबे घेऊन निघाले तर निम्म्या घरांत नवरात्राचे उपास, गव्हाचा हलवा कोण खाणार. नऊ-दहा दिवस माझे डबे लोकांच्या फ्रीजमध्ये पडून होते आणि दसऱ्यानंतर "कालच खाल्ला, मस्त" असे मेसेज यायला लागले. 2026 ला तर आमचं नवं वर्ष आणि गणपती दोन दिवसांच्या अंतराने, तेव्हा मोदकांपुढे हलव्याचं काय होणार देवच जाणे.

आणि त्याच 2025 ला 2 ऑक्टोबरला दसरा आणि योम किपुर एकाच दिवशी. दारफाळणी म्हणजे दार बंद. जुन्या काळी आदल्या संध्याकाळी आंघोळी करून, पांढरे कपडे घालून, लवकर जेवून घराची दारं लावायचे ते दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत, बाहेरच्या कोणाशी बोलायचं सुद्धा नाही. आता आम्ही दिवसभर सिनेगॉगमध्ये असतो, पंचवीस तास पाण्याचा थेंब नाही, बायका पांढऱ्या साड्यांत, दुपारी तीननंतर डोकं ठणकायला लागतं ते चहाच्या तलफेने, देवाची क्षमा मागता मागता मी दरवर्षी मनातल्या मनात आलं किसत असते. अंधार पडल्यावर शोफार, मेंढ्याच्या शिंगाचा तो लांब आवाज, आणि मग शरबत, आणि आईने आदल्या दिवशी करून ठेवलेल्या रव्या-खोबऱ्याच्या सारणाच्या पुऱ्या, ज्यांना तुम्ही करंज्याच म्हणाल आणि मी वाद घालणार नाही. त्या रात्री घरी आलो तर सेफ्टी डोअरच्या जाळीत सगळीकडे आपट्याची पानं खोचलेली. दिवसभर लोक सोनं द्यायला येऊन गेलेले, दार बंद बघून जाळीत लावून गेलेले, एका पानाला झेंडूची पाकळी चिकटलेली. आईने ती एकेक काढली आणि मोजली, एकोणीस. दुसरा दिवस शिळा सण, त्या दिवशी दानधर्म करायचा आणि भेटीगाठी घ्यायच्या, आजी सांगायची की पूर्वज योम किपुरला घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. आम्ही उरलेल्या पुऱ्या घेऊन एकोणीस पानांचे धनी शोधत फिरलो. चौदा सापडले.

मग सुक्कोत, सात दिवस मांडवात जेवायचं, इजिप्तमधून सुटल्यावर वाळवंटात असेच राहिलो होतो त्याची आठवण म्हणून. सिनेगॉगच्या आवारात मोठा मांडव असतो, तिथे खजुरीची पात आणि महाळुंग घेऊन प्रार्थना होते, पण गेली काही वर्षं आम्ही सोसायटीच्या गच्चीवर पण एका कोपऱ्यात छोटा घालतो, चार बांबू, तीन बाजूंना जुन्या साड्या, वर नारळाच्या झावळ्या. परवानगीसाठी मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीपासून किती फुटांवर ह्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली, ते सोडा. छप्पर विरळच लागतं, वरचे तारे दिसले पाहिजेत. ऑक्टोबरचा पाऊस गडगडायला लागला की काका दरवर्षी निळी ताडपत्री घेऊन वर येतात आणि दरवर्षी मी सांगते की काका, वरून झाकलं तर तो मांडव आमच्या उपयोगाचा राहत नाही, आणि ते दरवर्षी ताडपत्री परत नेत "भिजा मग" म्हणतात.

सुक्कोत लागतो पौर्णिमेला. 2025 ला 6 ऑक्टोबर, म्हणजे कोजागिरी. सोसायटीचं दूध त्याच गच्चीवर, आमच्या मांडवापासून दहा पावलांवर, मोठ्या पातेल्यात केशर-बदाम-चारोळी घालून आटत असतं आणि आम्ही इकडे सणाचं जेवण जेवत असतो. मटण खाल्लं तर सहा तास, म्हणजे रात्री दोन वाजता एकट्याने गार दूध प्यायचं. म्हणून त्या रात्रीपुरतं आईने जाहीर केलं की जेवण बटाट्याची भाजी, पुऱ्या, काकडीची कोशिंबीर. माझा भाऊ पुण्याहून आलेला, तो म्हणाला सणाला बटाटा? आई म्हणाली, दूध प्यायचंय ना?

साडेदहाला चंद्र डोक्याच्या जरा अलीकडे होता, झावळ्यांतून ताटांवर पट्टे पडलेले. काकू ट्रे घेऊन आल्या, पाच ग्लास, वरती साय. मांडवाच्या बाहेरच थांबल्या. ट्रे हातातच धरून त्यांनी आधी ताटांकडे नीट वाकून बघितलं, बटाटा आहे ह्याची खात्री केली, आणि मग आत आल्या.