ग्लेझची भिंत घरी करताना: सगळा खेळ ओल्या कडेचा

हॉलमधली सोफ्यामागची दहा बाय दहा फुटांची भिंत मी घरीच ग्लेझने केली. पद्धत कापडाची. वाळलेल्या रंगावर, म्हणजे बेसवर, ग्लेझचा (थोडा रंग मिसळलेल्या पारदर्शक द्रवाचा) पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच चुरगळलेल्या कापडाने टिपत जायचं. खालचा रंग जागोजागी डोकावतो आणि भिंत जुन्या चामड्यासारखी दिसते. हात फिरवला तर मात्र ती सपाटच लागते. म्हणून जाड पेस्टच्या टेक्स्चरपेक्षा मला हे आवडतं: कंटाळा आला की रंगाचे दोन हात मारले, झाकलं.

ओल असलेल्या भिंतीवर यातलं काहीही करू नये. फूटभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले तर आधी गळती शोधा. भिंत कोरडी निघाल्यावर पुट्टी, 220 नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर आणि बेसचे दोन हात. घासून झाल्यावर टॉर्च भिंतीला चिकटवून बाजूने उजेड पाडायचा. जिथे खळगा राहतो तिथे ग्लेझ साचतं आणि गडद ठिपका कायमचा बसतो.

बेसला मॅट रंग घेऊ नका. मॅट भिंत ग्लेझ पिऊन टाकते, टिपायला कापड टेकवावं तोवर डाग बसलेला असतो. सॅटिन किंवा शीन, म्हणजे थोडी चमक असलेलं इमल्शन हवं. त्यावर ग्लेझ सरकतं आणि हाताला वेळ मिळतो. बेस किमान 24 तास वाळू द्यायचा.

मिश्रण चार भाग ग्लेझ, एक भाग इमल्शन. या भिंतीसाठी 800 मिली ग्लेझ आणि 200 मिली रंग असं एकाच वेळी, एकाच डब्यात ढवळून घेतलं. अर्ध्यावर मिश्रण संपलं तर दुसऱ्या खेपेची छटा जुळत नाही. पाणी घातलं नाही. पातळ झालं की ओघळ येतात. रंग बेसच्याच शेडकार्डावरचा, दोन छटा गडद. फार विरोधी रंग घेतला तर प्रत्येक चूक लांबून दिसते. आधी बेस लावलेल्या हार्डबोर्डच्या तुकड्यावर हात बसवून घ्यावा, थेट भिंतीवर नको.

कापड म्हणजे जुनी, खूप धुतलेली सुती साडी किंवा धोतर. नव्या कापडात खळ असते, ते ग्लेझ उचलत नाही. साडीचे काठ आणि शिवण आधी कापून टाका. एकदा काठ दुमडीत राहिला आणि भिंतीवर सरळ रेघेचा ठसा उमटला. तो तेवढ्या वेळात ओल्या फडक्याने पुसता आला म्हणून बरं. दोन फुटांचे आठ तुकडे किंचित ओले करून पिळून ठेवायचे. चार-पाच वेळा टिपलं की कापड उलगडून पुन्हा चुरगळायचं, दर वेळी मनगट वळवायचं, नाहीतर एकच ठसा रांगेत दिसू लागतो. तुकडा भरला की तो रंग उचलायचं सोडून उलटा लावायला लागतो. तेव्हा बदला.

आता खरं काम. पंखा बंद, खिडक्या बंद, कारण उन्हाळ्यात वारा लागला तर काही मिनिटांत थर धरतो. वरच्या कोपऱ्यापासून तीन बाय तीन फुटांचा तुकडा रोलरने लावायचा, आणि टिपताना पुढच्या बाजूची सहा इंचांची कड तशीच ओली सोडायची. शेजारचा तुकडा त्या कडेला भिडवायचा, मग दोन्ही एकत्र टिपायचे. कड वाकडीतिकडी ठेवा; सरळ सोडलेली कड सांधा दाखवते. एकाने रोलर, दुसऱ्याने कापड, आणि मध्ये अदलाबदल नाही, कारण प्रत्येकाचा दाब वेगळा. भिंत संपेपर्यंत विश्रांतीही नाही.

खिडकीजवळ माझी एक कड वाळली आणि पुढच्या तुकड्याशी दुहेरी थर होऊन चार बोटांचा गडद पट्टा आला. अर्धवट वाळलेलं ग्लेझ चोळलं तर पोपडा निघून बेस उघडा पडतो, म्हणून रात्रभर वाळू दिलं. सकाळी बेसचाच रंग चार पट ग्लेझमध्ये मिसळून स्पंजने पट्ट्यावर हलकेच टिपला. पट्टा विरला. रुंद पट्टा मात्र असा जात नाही.

कोपऱ्यात कापड पोचत नाही, तिथे ताठ केसांचा छोटा ब्रश उभा धरून ठोकायचा. मास्किंग टेप ग्लेझ कडक व्हायच्या आत, तिरका ओढून काढा. नंतर दोन-तीन आठवडे भिंत ओल्या फडक्याने पुसू नका. उरलेलं मिश्रण घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून त्यावर शेडचा नंबर आणि प्रमाण लिहिलंय. सोफ्याच्या पाठीने ओरखडा पडला की तेच लागणार.